झोपलेला कप्पा

बाबा शवागारात होते आणि आम्ही साठवणीवरून भांडत होतो.

कंपनी बाबांची. नाव 'न्काए', म्हणजे आठवण. घानातल्या या कुमासी शहरात कोणाचं माणूस गेलं की घरचे आमच्याकडे येतात. त्या माणसाचे फोटो, पोस्टर, नातेवाइकांनी लिहिलेले दोन शब्द, अंत्यविधीची फिल्म, सगळं एका कप्प्यात राहतं. ज्यांना यायला जमत नाही ते टोरांटोत किंवा हॅम्बुर्गमध्ये बसून शनिवारी थेट पाहतात. बाबांनी हे सुरू केलं तेव्हा लोक सीडी घेऊन यायचे. पुढे असाफो भागातल्या कचेरीमागच्या खोलीत सर्व्हर आले, त्यांच्यासाठी एसी आले, एसीसाठी जनरेटर आला. आठवडाभर ती खोली झोपा काढायची आणि शनिवारी सकाळी धापा टाकायची, कारण आमच्याकडे सगळेच शनिवारी निरोप देतात.

नवा प्लॅटफॉर्म मी बांधला. जुनी खोली बंद करून सगळं क्लाउडवर न्यायचं, शनिवारी हवी तेवढी जागा पसरायची, सोमवारी आवरायची, इथपर्यंत वाद नव्हता. वाद होता तो कोणाच्या क्लाउडवर आणि कुठल्या करारानं, यावर.

माझा आत्येभाऊ बर्को हॅम्बुर्गला गोदामांचा कारभार पाहायचा. बाबा गेल्यावर आठवड्यानं होणाऱ्या शोकबैठकीला तो आला आणि राहिला. आमच्यात मूल आईच्या कुळाचं. बाबांच्या कुळानं त्यांची खुर्ची त्यांच्या भाच्याला, म्हणजे बर्कोला दिली, आणि बाबांचं शरीर त्यांच्या बहिणीच्या हाती गेलं. मी मुलगी. मी शवपेटी द्यायची, रडायचं आणि तारीख कळेल तेव्हा ऐकायची. कायदा वेगळं सांगतो, पण कायद्याकडे दफनानंतर जायचं असतं. एकच गोष्ट कुळाला हलवता आली नव्हती. कंपनीच्या कागदांवर तांत्रिक बाजूची संचालक मी होते, आणि माझ्या सहीशिवाय साठवणीचा करार होत नव्हता.

"हे बघ," बर्को म्हणाला. बाबांच्या खुर्चीत तो जरा पुढे सरकून बसायचा, पाय टेकावेत म्हणून. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "शनिवारी उघडतात, रविवारी उघडतात, सोमवारी थोडेफार. मग काही नाही. चाळिसाव्या दिवशी एकदा, वर्षाच्या दिवशी एकदा. मधले महिने सगळं नुसतं पडून. पडलेल्या गोष्टीसाठी जाग्या साठवणीचं भाडं भरणारा माणूस मी हॅम्बुर्गमध्ये पाहिला नाही."

'जागी साठवण' हा शब्द बाबांचा. जागी म्हणजे मागितलं की त्याच क्षणी समोर. दुसरी झोपलेली. ती फार स्वस्त, पण फाइल मागितली की तिला उठवायला वेळ लागतो.

"तुझ्या लोकांना उठवायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"फार तर दोन दिवस."

"दोन दिवस."

"मेलेल्या माणसाला काय घाई आहे, डुफिए?"

"मेलेल्याला नसते. मागणाऱ्याला असते."

"मागणारा दोन दिवस थांबेल. तुला हव्या त्या केपटाऊनच्या कंपनीचं सगळं जागं, मान्य. पण त्यांच्यापुढे मामानं लोटांगण घातलं असतं, मी घालणार नाही. माझा नियम साधा आहे. चाळीस दिवस कोणी हात लावला नाही की कप्पा झोपला. आपोआप. माणसाला विचारायलाच नको."

"आणि चाळिसाव्यानंतर कोणी मागितला तर?"

"मग त्यानं वेळेवर आठवण ठेवायला हवी होती." तो हसला. "मामा धंदा करत होता की चर्च चालवत होता, हे मला अजून कळलेलं नाही. एकदा पैसे घ्यायचे आणि जन्मभराचं वचन द्यायचं! तुझे बाबासुद्धा सध्या थंडच आहेत ना? त्यांचं काही बिघडतंय का?"

मी माल्ट पेयाचा थंड ग्लास टेबलावर ठेवला. त्याखाली त्याचा करार होता. ओला डाग पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर उतरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

"सही नाही करणार," मी म्हणाले.

"कारण दे. एखाददुसरा कप्पा वगळायचा असेल तर वगळू. करारात यादी जोडायची सोय आहे. कोणाचा कप्पा, कशासाठी, लिहून दे. मी राक्षस नाही."

कारण होतं. ते लिहून देता येत नव्हतं.

बाबा जायच्या थोडं आधी एक म्हातारे गृहस्थ कचेरीत आले होते. मी त्यांना ओळखत होते. असुबोनीचा प्रत्येक माणूस त्यांना ओळखतो. ते बाबांच्या याच गावचे, नानांच्या वतीनं बोलणारे. नाना, म्हणजे आमचे राजे, स्वतः चारचौघांत बोलत नाहीत, यांच्या तोंडून बोलतात, आणि हे बोलायला निघाले की हातात सोनेरी मुठीची काठी असते. त्या दिवशी काठी नव्हती. त्यांनी एक लहानशी डिस्क बाबांसमोर ठेवली आणि म्हणाले, "नाना डोळे दाखवायला परदेशी गेले आहेत. हे तोवर ठेव. आम्ही सांगू त्या दिवशी, सांगू त्या क्षणी दे. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. कप्पा करताना त्यावर नावाऐवजी एक आकडा घातला. ते गृहस्थ गेल्यावर बाबा मला म्हणाले, "आज कोणी आलं नव्हतं."

"हो, बाबा."

आमच्याकडे नाना मरत नाहीत. ते विश्रांती घेतात, गावाला जातात, डोळे दाखवायला जातात. कधीतरी राजवाडा सांगतो आणि तेव्हाच ते गेलेले असतात. त्याआधी तसं बोलणाऱ्याला राजवाड्याला मेंढरं द्यावी लागतात. मेंढरं देऊनही तो माणूस सुटत नाही. पुढे त्याच्या अंगणात कोणी पाणी प्यायला थांबत नाही. राजवाड्यानं सांगितलं की मात्र सगळं एकाच वेळी लागतं. ढोल, रेडिओ, टीव्ही, नानांना गादीवर बसवलं त्या दिवसाची फिल्म. त्या दिवशी मी "दोन दिवस थांबा, उठतंय" असं म्हणू शकत नव्हते. मी स्वतः अधूनमधून कप्पा उघडून त्याला जागं ठेवलं असतं, तर उघडल्याची नोंद राहिली असती. ती नोंद राजवाड्याला दिसणार होती. आणि यादीत लिहायचं तर काय लिहायचं? असुबोनीचा राजवाडा, कारण अमुक?

त्या कप्प्याला कोणीही हात लावत नव्हतं, कारण आमच्या इथे त्याच्याइतका महत्त्वाचा कप्पा दुसरा नव्हता. बर्कोच्या नियमाला हे दिसणं शक्य नव्हतं. त्याला फक्त उघडलेलं आणि न उघडलेलं कळत होतं.

संध्याकाळी बर्कोच्या आईचा, कोनाडू आत्याचा फोन आला. बाजारात तिचं कापडाचं दुकान आहे. बोलताना मागे कात्री चालल्याचा आवाज येत होता.

"बर्को म्हणतो तू हट्ट करतेस."

"आत्या, दफनाची तारीख ठरली का?"

"मी तुला साठवणीचं विचारतेय."

"आणि मी बाबांचं."

"माझ्या भावाला मी कधी पुरायचं ते तू मला विचारणार?" कात्री थांबली. "सही कर. सही झाली की बर्कोच्या डोक्याचा ताप जाईल, मग थोरल्यांना बसवू, मग तारीख. सही नसेल तर मंडपवाल्याशी बोलायला मला वेळ नाही. शवागारात जागा आहे. लोक सहा-सहा महिने राहतात तिथे."

"आत्या, ते तुझे भाऊ आहेत."

"म्हणूनच सांगते. माझे आहेत." तिनं फोन ठेवला.

मग मला असुबोनीच्या कुळाच्या घरी बोलावलं. हरमॅटनचे दिवस होते. वाऱ्यानं आणलेली बारीक धूळ सगळ्यावर बसली होती, खुर्च्यांवर, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोवर. मी येताच मला पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर आत्या शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे सगळं ठीक आहे. तू कशासाठी आलीस?"

तिनंच बोलावलं होतं. पण रीत रीत असते. "तुम्ही बोलावलंत म्हणून आले," मी म्हणाले.

"असं का?" आत्या म्हणाली, जणू पहिल्यांदाच ऐकत होती.

कुळाचे थोरले न्तोरी यांनी जमिनीवर श्नॅप्सची दारू शिंपडली, पूर्वजांची नावं घेतली, बाबांचं नाव शेवटी घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. थोरल्यांनी डोळे मिटले म्हणजे ते ऐकत असतात, असं सगळे म्हणतात. मला खात्री नाही.

बर्कोनं सगळं पुन्हा मांडलं. जागी साठवण, झोपलेली साठवण, आलेख. आलेखात शनिवारचे उंच खांब आणि मधली सपाट जमीन. त्यानं बोट त्या सपाट जमिनीवरून फिरवलं.

"या सगळ्यासाठी हिला भाडं भरायचंय. थोरले, तुम्हीच सांगा. रिकाम्या घरात कोणी दिवा लावून ठेवतं का?"

"ते ठेवतात कुठे?" थोरल्यांनी डोळे न उघडता विचारलं. "कुलूप आहे?"

"आहे, थोरले."

"मग झालं."

"झालं!" बर्को म्हणाला. "कुलूप आहे, झालं. आता हिचं ऐकू. हो, डुफिए? मामाच्या लाडक्या लेकीचं? पुस्तकं वाचणारीचं?"

"ते घर रिकामं नाही," मी म्हणाले. "काही कप्पे महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही आणि तरी ते एका क्षणात लागतात."

"एक सांग."

मी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं.

"एक! मी दहा मागत नाही. इतके महिने काम अडवलंस, तुझे बाबा तिकडे बर्फात, आणि तुझ्याकडे एक नाव नाही?"

"कप्पा आहे. ज्यांचा आहे त्यांचं नाव मला घेता येत नाही."

"घेता येत नाही!" बर्को खो-खो हसला. आजूबाजूला बसलेल्या एकदोघांकडे पाहून म्हणाला, "का? पोलिसात तक्रार आहे का त्याच्यावर? की तुझा कोणी आहे? सांग की, आम्ही पण नाचू लग्नात."

एकदोघं हसले. आत्या हसली नाही. ती हातातल्या पंख्यानं वारा घेत होती; पंखा तिच्या गळ्यापाशी थांबला.

"बर्को, गप," ती म्हणाली.

"आई, मी फक्त—"

"गप म्हटलं ना." तिनं मान माझ्याकडे वळवली. बाबा गेल्यापासून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. "कुठला आहे तो कप्पा? नदीच्या पलीकडचा की अलीकडचा?"

नदीच्या अलीकडे असुबोनी. राजवाडा आणि आमचं सगळ्यांचं गाव, एकच मुलूख.

"अलीकडचा," मी म्हणाले. एवढं सांगायला हरकत नाही, असं त्या क्षणी मला वाटलं.

"माझ्या भावाकडे, अम्पोन्सेमकडे जो आला होता, तो काठी घेऊन आला होता का?"

खोलीत धूळ दिसत होती, दारातून आलेल्या उन्हात. मला बाबांचा आवाज आठवला.

"कोणी आलं नव्हतं, आत्या."

आत्या कापडवाली आहे. राजवाड्यातल्या बायका कोणाकडून शोकाच्या काळ्या-लाल रंगाचं किती कापड नेतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. तिनं हलकेच पंखा मिटला आणि मांडीवर ठेवला.

"थोरले," ती म्हणाली, "माझ्या भावाला येत्या शनिवारी पुरायचं."

थोरल्यांनी डोळे उघडले.

"येत्या?" बर्को उभा राहिला. "आई, वेड लागलंय का? हॅम्बुर्गची माणसं? तिकिटं? बँड? तू म्हणाली होतीस इस्टरनंतर, सगळं असुबोनी जेवेल असं—"

"येत्या शनिवारी. हॅम्बुर्गची माणसं कॉम्प्युटरवर बघतील. त्याचसाठी ही कंपनी आहे ना तुझ्या मामाची?"

"पण का?"

"कारण मी म्हणते."

मला तेव्हा उमगलं. राजवाड्यानं जाहीर केलं की नानांचं दफन होईपर्यंत त्या मुलखात दुसरा अंत्यविधी होत नाही. मंडप नाही, ढोल नाही, मोठ्यानं रडणंसुद्धा नाही. मागच्या नानांच्या वेळी लोकांनी आपली माणसं वर्षभर शवागारात ठेवली होती. आत्याला हे मला समजावून सांगावं लागलं नव्हतं आणि मला तिला. ती माझ्यावर दया करत नव्हती. तिला आपला भाऊ जमिनीत हवा होता, राजवाड्याच्या आधी. इस्टरनंतर असुबोनीला जेवण घालायचं तिचं स्वप्न तिनं माझ्या डोळ्यांदेखत गिळलं.

"आणि तो कागद?" बर्कोचा आवाज चढला होता. "ती सही?"

"ही म्हणते तसं होईल. जागी."

"आई!"

"केपटाऊनवाले की कोण ते. तू सही कर, ही सही करेल. थोरले ऐकताहेत."

थोरल्यांनी मान हलवली. मला वाटतं त्यांनी खरंच सगळं ऐकलं होतं.

मी निघाले तेव्हा आत्या अंगणापर्यंत आली. ती अशी कधी येत नाही.

"मला काही सांगितलंस का तू?" तिनं विचारलं.

"नाही, आत्या."

"बरोबर. तू सांगितलं नाहीस, मी ऐकलं नाही. पण खूश होऊ नकोस. माझा भाऊ चोरासारखा घाईघाईनं जाणार आहे. लोक म्हणतील बहिणीला जड झाला. ते मी तुझ्या खात्यावर घालीन, आणि मी विसरत नाही."

"आत्या, पोस्टरसाठी बाबांचे फोटो—"

"माझ्याकडे आहेत. तुझ्याकडचे तुझ्याकडे ठेव." ती वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "शवपेटी चांगली आण. निदान ती तरी."

शनिवारी आम्ही बाबांना पुरलं. मंडप लहान होता. पोस्टरवर बाबांचा तरुणपणीचा फोटो होता, आत्याच्या लग्नातला. अर्धा फोटो कापल्यामुळे त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात तेवढा राहिला होता. मुलांच्या नावात माझं नाव शेवटी, आणि चुकीचं छापलेलं. हॅम्बुर्ग, टोरांटो, मिलान इथून एवढी माणसं एकदम पाहायला आली की जुनी खोली केव्हाच कोसळली असती. नव्या साठवणीनं पसरून घेतलं आणि चित्र एकदाही थांबलं नाही. बर्को माझ्या बाजूला उभा राहून फोनवर तेच पाहत होता, समोरच्या खड्ड्याकडे न पाहता.

"चालतंय," तो म्हणाला.

"हो."

"महाग आहे."

"हो."

"तुझं म्हणणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही."

"मी मागितलं नाही."

तो काही वेळानं म्हणाला, "आईला कसलं भूत दिसलं त्या दिवशी, मला कधी कळणार नाही." पलीकडे आत्या काळ्या-लाल कापडात ताठ बसली होती. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

पुढच्याच आठवड्यात असुबोनीत ढोल वाजले. मी कचेरीत होते. फोन त्याच म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. मागे बायकांचा आक्रोश होता, आता नानांसाठी सगळ्यांना रडायची मुभा होती.

"बाई," ते म्हणाले, "आम्ही तुझ्या वडिलांकडे एक वस्तू ठेवली होती."

"हो, आजोबा."

"ती झोपलेली नाही ना?"

त्यांच्या कानावर काय काय गेलं होतं, कोणाकडून, हे मी विचारलं नाही. आकडा टाकला. कप्पा उघडला. नाना गादीवर बसत होते, तरुण, सोन्यानं लगडलेले, आणि छत्र्या हलत होत्या. "जागी आहे," मी म्हणाले.

कुळाच्या घरी त्या दिवशी मी गप्प बसले होते, की गप्प बसून बोलले होते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. राजवाड्यानं मला काही विचारलं नाही. आत्यानंही नाही. ती आता माझ्या नमस्काराला उत्तर देत नाही. बाबांच्या खुर्चीवरचा माझा दावा कोर्टात आहे, आणि बर्को करार मोडायची कलमं शोधत असतो. दर महिन्याला तो मला न उघडलेल्या कप्प्यांची संख्या पाठवतो. सोबत एक ओळ असते: हे सगळं कोणासाठी जागं आहे?

त्यात एक कप्पा बाबांचा आहे. त्यांनी स्वतः केलेला, माझ्या नावानं ठेवलेला. आत त्यांचा आवाज असावा, फाइलच्या आकारावरून तसं वाटतं. चाळिसावा दिवस कधीच होऊन गेला. मी तो अजून उघडलेला नाही.